ट्रकच्या नंबरातलं गणित : 1210 पासून 4018 पर्यंत



मागच्या वर्षी नववीच्या वर्गात फळ्यावर एक साधं उदाहरण लिहिलं होतं. एक ट्रक ताशी 60 किमी वेगाने आपल्या गावाहून धुळ्याला निघाला. अंतर 150 किमी. किती वेळ लागेल? सगळ्यांनी अडीच तास लिहिलं. मागच्या बाकावरचा एक मुलगा मात्र वही मिटून बसला होता. विचारलं तर म्हणाला, "सर, लोड गाडी कन्नडच्या घाटात साठच्या स्पीडनं कुठं चालती? पहिल्या गिअरवर रांगावं लागतं."

वर्ग हसला. खरं सांगायचं तर मीही हसलो. घटक चाचणीत 20 पैकी 4 गुण मिळवणारा मुलगा तो. पण घरी जाताना मुकुंदवाडीच्या चौकात जालना रोडवर सिग्नलला थांबलो, समोर एक भरलेला ट्रेलर गिअर बदलत बदलत उठत होता, आणि वाटलं की चूक माझ्याच उदाहरणात होती.

त्या मुलाचे वडील ड्रायव्हर. चिकलठाणा एमआयडीसीतला माल नेतात. हा पोरगा अधूनमधून त्यांच्यासोबत क्लीनर म्हणून जायचा, हजेरीपटावरच्या त्याच्या गैरहजेऱ्या म्हणजे त्या खेपा. दहावीनंतर शाळा सोडून कायमचं गाडीवर जायचं असं त्याने ठरवूनच टाकलं होतं. म्हणून पुढचे चार तास मी ट्रकवरच घेतले. ते कसे घेतले ते इथे लिहितो, तुमच्या वर्गात उपयोगी पडेल.

पहिला प्रश्न मुलांनाच विचारला : ट्रकवर 1210, 1612, 407 असे आकडे असतात, ते काय असतात? कुणी म्हणालं मॉडेल नंबर, कुणी म्हणालं कंपनीचा कोड. फक्त त्यालाच माहीत होतं. शेवटचे दोन आकडे दहाने गुणायचे, ती इंजिनाची ताकद, अश्वशक्तीत. त्याआधीचे आकडे म्हणजे गाडी आणि माल मिळून एकूण वजन, टनात. 1210 म्हणजे 12 टन आणि 100 अश्वशक्ती. 1612 म्हणजे 16 टन, 120 अश्वशक्ती. 407 म्हणजे 4 टन आणि 70. (वजनाचा आकडा ढोबळ असतो, 407 प्रत्यक्षात त्याहून जास्त वजनाला पास असते, हेही सांगावं.)

ही आकड्यांची पद्धत जर्मनीतून आली. टेल्को ही कंपनी 1945 साली जमशेदपूरला रेल्वे इंजिनं बनवण्यासाठी निघाली. 1954 मध्ये तिने जर्मनीच्या डाइमलर-बेंझशी करार केला आणि टाटा-मर्सिडीज-बेंझ ट्रक निघू लागले. म्हणूनच जुनी माणसं अजूनही ट्रकला 'मर्सिडीज' म्हणतात, आणि मुलांना ते ऐकून हसू येतं, कारण त्यांना मर्सिडीज म्हणजे फक्त चकचकीत कार माहीत. 1969 मध्ये करार संपला, जाळीवरची तीन टोकांची चांदणी गेली आणि तिथे टाटांचा 'टी' आला. मद्रासला अशोक लेलँडचा कॉमेट होता. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर कंपनी डॉज आणि फार्गो बनवायची. पण आपल्या भागातल्या रस्त्यांवर जास्त दिसायची ती लांब नाकाची टाटाच.

ती स्वस्त का पडायची, हा धड्याचा गाभा.

कंपनी बहुतेक वेळा पूर्ण ट्रक विकतच नसे. ती द्यायची चेसिस : इंजिन, चाकं, स्टिअरिंग आणि पुढचा पत्र्याचा चेहरा. ड्रायव्हर उघड्यावर बसून ती चेसिस बॉडीवाल्याकडे घेऊन यायचा. तिथे सुतार आणि लोहार मिळून लाकडाची केबिन आणि हौदा बांधायचे, फाळके लावायचे, पेंटर फुलं-पक्षी काढायचा. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही, झोपायला सीटमागे एक फळी. मॉडेल वर्षानुवर्षं तेच, त्यामुळे पार्ट कुठल्याही गावात मिळायचा आणि झाडाखाली बसलेला मिस्त्रीही इंजिन खोलायचा. टायर झिजला की रिमोल्ड करून पुन्हा चढवायचा. एकच गाडी असलेल्या माणसाला हेच परवडायचं, आणि आपल्याकडे बरेचसे मालक असेच एक-दोन गाड्यांचे.

आपल्या शहराला ट्रकांची गरज का पडली, याचंही एक कारण रुळांत आहे. मनमाडहून आपल्याकडे येणारी रेल्वे निजामाच्या काळातली, 1900 सालची, मीटरगेज. मनमाडच्या पुढे मुंबईची लाइन ब्रॉडगेज. म्हणजे मुंबईचा माल रेल्वेने आणायचा तर मनमाडला एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात भरायचा. हमाली दोनदा, वेळ दुप्पट, फुटतूट वेगळी. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला रुंदीकरण होईपर्यंत हेच चाललं. तोवर चिकलठाण्याची एमआयडीसी उभी राहिली होती, 1985 मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला होता. कच्चा माल दारात आणून टाकणारा आणि तयार माल दारातून उचलणारा ट्रकच होता. मुकुंदवाडी रेल्वे स्टेशनाजवळच राहणाऱ्या मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांना खरं वाटेना.

आता गणित. टाटाच्या एका इंजिनाचं नाव होतं 697. सहा सिलिंडर, प्रत्येकाचा व्यास 97 मिमी. पिस्टनची धाव 128 मिमी. आठवीतलं वृत्तचितीचं घनफळ इथे लावा : त्रिज्या 4.85 सेमी, उंची 12.8 सेमी. 3.14 × 4.85 × 4.85 × 12.8 म्हणजे साधारण 945 घनसेमी. गुणिले सहा, जवळपास 5,670. म्हणजे पावणेसहा लिटरच्या आसपास. त्याआधीचं 692 घ्या, व्यास 92 मिमी, धाव 120 मिमी, उत्तर पावणेपाच लिटरच्या थोडं वर येतं. व्यास फक्त 5 मिमीने आणि धाव 8 मिमीने वाढली, तरी इंजिन जवळजवळ एक लिटरने का वाढलं, यावर मुलं चांगला अर्धा तास भांडतात. भांडू द्या.

मग घाट. नववीच्या 'कार्य आणि ऊर्जा' मध्ये शक्तीचं सूत्र आहेच. चढ 20 ला 1 धरू, म्हणजे 20 मीटर चालल्यावर 1 मीटर वर. 12 टनाची 1210 : ओढायचं बल 12,000 × 9.8 ÷ 20 = 5,880 न्यूटन. 100 अश्वशक्ती म्हणजे 74,600 वॅट. भागाकार केला तर सेकंदाला 12.7 मीटर, ताशी सुमारे 46 किमी. घर्षण आणि गिअरमध्ये जाणारी ताकद आपण सोडलीय, म्हणून खरा वेग याहून कमीच. आता त्याच गाडीत माल कोंबून 18 टन केलं तर? ताशी 30.

आणि ट्रेलर. ड्रायव्हर लोक ओढणाऱ्या पुढच्या गाडीला 'घोडा' म्हणतात. अमेरिकेत मागच्या ट्रेलरला सेमी म्हणतात, कारण त्याला पुढची चाकं नसतात, त्याचं पुढचं वजन घोड्यावर टेकतं. एक ट्रेलर खाली होत असताना घोडा दुसरा जोडून निघू शकतो, त्याची खरी बचत तिथे. 4018 घ्या. 40 टन, 180 अश्वशक्ती. वरच्याच चढावर उत्तर येतं ताशी 25 किमी. टनामागे अश्वशक्ती काढली तर 407 ला 17.5, 1210 ला 8.3, आणि 4018 ला फक्त 4.5.

हे उत्तर फळ्यावर आलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला नाही. तो लिहीत होता. थोड्या वेळाने विचारलं, "सर, मग उतारावर काय होतं?"

हा प्रश्न माझ्या टाचणात नव्हता. चढताना इंजिनाने जी ऊर्जा मालात साठवली, ती उतरताना ब्रेकला पचवावी लागते, आणि वजन दीडपट तर उष्णताही दीडपट. लाकडी केबिन, तापलेले ब्रेक, 18 टन वजन. स्वस्त गाडीची उरलेली किंमत कोण मोजत होतं, हे त्याने मला न सांगता सांगितलं. आज नियम बदललेत : 2018 मध्ये दोन धुऱ्यांच्या ट्रकची मर्यादा 16.2 वरून 18.5 टन झाली, 2025 मध्ये नव्या बनणाऱ्या ट्रकांना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. त्याच्या वडिलांची गाडी मात्र जुनीच.

पालकसभेला वडील आले होते. पोराला खेपेवर नेऊ नका, एवढंच मी बोललो. ते म्हणाले, "सर, मला तरी कुठं न्यायचंय? क्लीनर मिळत नाही, मिळाला तर परवडत नाही." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आमचं ठरलं ते इतकंच, की परीक्षेच्या महिन्यात तो जाणार नाही.

हा उपक्रम करणार असाल तर मुलांना रस्त्याच्या कडेला उभं करून नंबर टिपायला पाठवू नका. उभ्या गाड्यांजवळ, पालकांसोबत, दिवसा. आणि ज्यांच्या घरी ड्रायव्हर, मिस्त्री, हमाल आहेत त्या मुलांना आधी विचारा, त्यांना वर्गात बोलायचंय का. आमच्याकडे दोघं नको म्हणाले.

शेवटचा गृहपाठ त्या मुलानेच दिला, तो तसाच देतो. 1612 ची रिकामी गाडी साडेपाच टन धरा. परवानगीत माल किती बसेल? मालक दर टनाला भाडं देतो आणि डिझेल, टोल, टायर ड्रायव्हर-मालकाच्या अंगावर आहेत. तर चार टन जास्त भरावेत की नाही? दोन्ही बाजूंनी आकडे मांडा.