ताळेबंद वाचू या : वाढावा, निधी आणि गुंतवणूक

शाळेचा वार्षिक अहवाल घरोघरी जातो. पण शेवटची आकड्यांची पाने सहसा कोणी उघडत नाही. "एवढा वाढावा दिसतो, मग फी का वाढवली?" हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर त्याच पानांत शोधावे लागते. त्यासाठी चार शब्द समजून घेऊ.

वाढावा : उत्पन्नातून खर्च वजा जाता उरणारी रक्कम. समजा, एका शाळेचे उत्पन्न ४० लाख आणि खर्च ३७ लाख रुपये आहे. वाढावा झाला ३ लाख. पण उत्पन्नात १ लाखाची येणे फी धरली असेल, तर हाती २ लाखच आले. वाढावा म्हणजे रोख शिल्लक नव्हे.

राखीव निधी : छपराची दुरुस्ती, प्रयोगशाळा अशा पुढील खर्चासाठी वाढाव्यातून बाजूला काढलेली रक्कम.

कायम निधी : मुद्दल मोडायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, या अटीवर मिळालेली देणगी. १ लाख रुपयांवर ६ टक्क्यांनी वर्षाला ६,००० रुपयांची शिष्यवृत्ती देता येते. मात्र महागाई दरसाल ५ टक्क्यांनी वाढली, तर सुमारे १४ वर्षांत त्या ६,००० रुपयांत निम्म्याच वस्तू येतील.

गुंतवणूक : निधीचा पैसा कोठे ठेवला आहे ते. सार्वजनिक न्यासाला कायद्याने ठरवून दिलेल्या मार्गांनीच पैसा गुंतवता येतो. बँकठेवींवरील विम्याची मर्यादा ४ फेब्रुवारी २०२० रोजी १ लाखावरून ५ लाख झाली; ती एका बँकेतील एका ठेवीदाराच्या सर्व ठेवींना मिळून असते. म्युच्युअल फंडाला असा विमा नसतो. १९६४ सालची 'युनिट ६४' योजना घरोघरी सुरक्षित मानली जाई. जुलै २००१ मध्ये तिच्या युनिटांची विक्री आणि पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी थांबवली गेली, तेव्हा अनेकांचा पैसा अडकला.

आता मुख्य गोष्ट. पारंपरिक ताळेबंदात डावीकडे निधी, उजवीकडे गुंतवणूक असते. शिष्यवृत्तीचा कायम निधी ५ लाख असेल, तर उजवीकडे तेवढी गुंतवणूक दिसली पाहिजे. ती ३ लाखच असेल, तर उरलेले मुद्दल रोजच्या खर्चात गेले नाही ना, हे सभेत जरूर विचारावे. विश्वस्तांनीही हा प्रश्न आपुलकीचा मानावा.

स्वाध्याय : पालकांसह यंदाचा अहवाल उघडा. कायम निधी आणि त्याच्या ठेवी यांचे आकडे शेजारी लिहा. फरक किती येतो?