गिरमिट, उचल आणि हिशेबाची वही

आपल्या सोलापुरात यंत्रमागाचा कामगार असो की ऊसतोडीची टोळी, कामाआधी उचल देण्याची रीत जुनी आहे. ही उचल गरिबाला आधार की बेडी? उत्तरासाठी थोडा इतिहास पाहू.

सतराव्या शतकात इंग्लंडचे गरीब तरुण करारावर अमेरिकेत जात. जहाजाचे भाडे मालक भरी. बदल्यात साधारण ४ ते ७ वर्षे राबायचे. मालक हा करार दुसऱ्याला विकूही शके. अनेकजण मुदतीआधीच मेले. जे वाचले त्यांना कपडे, धान्य, अवजारे आणि काहींना जमीनही मिळाली.

आपल्याकडचा दाखला मॉरिशसचा. १८३४ पासून तेथील ऊसमळ्यांवर हिंदुस्थानी मजूर जाऊ लागले. कलकत्ता व मद्रासप्रमाणे मुंबई बंदरातूनही जहाजे सुटली आणि कोकणातील मराठी माणसे तेथे गेली. या कराराला लोक ‘गिरमिट’ म्हणत. मुदत बहुधा ५ वर्षे, पगार महिना सुमारे ५ रुपये व शिधा. मात्र एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कापला जाई.

तरीही काही कुटुंबे वर आली. १८७० नंतर मळेवाले जमिनीचे तुकडे विकू लागले, तेव्हा पै-पै जमवलेल्या मजुरांनी ते घेतले. म्हणजे गरिबाला तीन गोष्टींनी हात दिला: कराराला शेवट होता, हातात शिल्लक उरली आणि विकत घ्यायला जमीन मिळाली.

आता आपली उचल पाहा. तिला मुदतच नसते. लग्न, आजारपण आले की रक्कम वाढते आणि बाकी पुढच्या वर्षात जाते. उचलीपोटी दुसरीकडे काम करण्याची मोकळीक हिरावणे ही १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी आहे.

म्हणून आम्ही व्यापारी-कारखानदार बांधवांना सुचवतो:

१) उचल लिहून द्या, एक प्रत कामगाराकडे ठेवा.

२) हप्ता घरखर्च भागेल इतकाच कापा आणि फेडीची तारीख ठरवा.

३) खाड्याचा दंड उचलीत मिळवू नका.

४) हिशेब चुकता होताच वहीत तसे लिहून सही करा.

कारागीर बांधवांनीही आपली प्रत मागून घ्यावी. हिशेब संपला तरच शिल्लक पडते, आणि शिल्लक पडली तरच उद्या स्वतःचा माग घेता येतो.