टाटा इन्स्टिट्यूटला निघालेल्या भाचीस

पोरी, विज्ञान अकादमींची समर फेलोशिप मिळाली आणि तीही बेंगळुरूत, खुद्द आयआयएस्सीत! पेढे तुझ्या आईने वाटले. कान टोचायचं काम मामाकडे आलं. बसच्या कंडक्टरला 'टाटा इन्स्टिट्यूट' सांग. १९०९ साली निघालेल्या त्या संस्थेचं जुन्या लोकांच्या तोंडी अजून तेच नाव आहे. बाकीचं खाली लिहिलंय, गाडीत वाच.

१. गाइडना नमस्कार झाला की लगेच त्यांच्या पीएचडीवाल्या मुलांशी ओळख कर – सर आठवड्यातून एकदा भेटतील, पण कुठलं पिपेट खोटं बोलतंय ते या मुलांनाच ठाऊक असतं. त्यांना स्वतःचा थिसिस आहे, तेव्हा दिवसभराचे प्रश्न साठवून एकदम विचार.

२. पहिल्या आठवड्यातच 'मी नेमकं काय शोधतेय' हे एका वाक्यात लिहून गाइडना दाखव – दोघांच्या डोक्यातला प्रश्न वेगळा असला, तर ते जुलैत कळण्यापेक्षा मे महिन्यात कळलेलं बरं.

३. वही बांधीव घे, पानांना आधी आकडे घाल, पेनने लिही आणि चुकलेलं एका रेघेने खोड – खाली काय होतं ते वाचता आलं पाहिजे. पुष्कळदा खोडलेलंच बरोबर निघतं. तारीख, खोलीचं तापमान, रसायनाच्या बाटलीचा लॉट नंबर, सगळं त्याच वेळी टिपून ठेव. टिश्यूपेपरवर लिहून 'रात्री उतरवीन' म्हणायचं नाही. तुला खोटं वाटेल, पण १९२८ च्या फेब्रुवारीत, २८ तारखेच्या 'रामन परिणामा'च्या शोधापर्यंत, कलकत्त्यात रामन यांच्या प्रयोगशाळेत रोज काय घडत होतं, हे आज बरंचसं कळतं ते त्यांचे सहकारी के. एस. कृष्णन यांनी त्या दिवसांत लिहिलेल्या रोजनिशीमुळे. नोबेलच्या कामाला जी शिस्त लागली, ती तुझ्या दोन महिन्यांना जड व्हायचं कारण नाही.

४. नळीच्या झाकणावर नाव लिही आणि अंगावरही – झाकणं बदलतात, स्पिरिटच्या बोळ्याने मार्कर पुसला जातो, आणि मग फ्रीजरमध्ये चाळीस अनाथ नळ्या उरतात. झाकण उडालं, बारसं बुडालं!

५. सेंट्रिफ्यूजमध्ये समोरासमोर सारख्या वजनाच्या नळ्या ठेव आणि पूर्ण वेग येईपर्यंत तिथेच उभी राहा – तोल बिघडला की ते आधी आवाज करतं, आणि तो ऐकायला कुणीतरी असावं लागतं.

६. हातमोजे घालून दाराच्या मुठीला, लिफ्टच्या बटणाला आणि त्या लाडक्या मोबाइलला हात लावायचा नाही – त्याच मुठीला पुढचा माणूस उघड्या हाताने धरतो आणि डबा खायला जातो.

७. काही फुटलं, सांडलं, बिघडलं, चुकीचं मिसळलं, तर त्याच दिवशी सांग. सगळ्या यादीत मला हेच सर्वांत महत्त्वाचं वाटतं – सांगितलं तर आठ आणे, लपवलं तर रुपया, आणि रुपयावर व्याज. बिघडलेलं द्रावण तसंच बाटलीत राहिलं तर तुझ्या मागून तीन जण ते वापरतात, आणि महिनाभर कुणाचंच उत्तर का जुळत नाही याचा शोध लॅब घेत बसते. ओरडा मिळेल, पण तो चहापर्यंत टिकतो. 'मला हे समजलं नाही' हेसुद्धा याच कलमात येतं; मान डोलावून बाहेर पडायचं आणि मग गूगल करत बसायचं, ही तुझी जुनी खोड इथे चालायची नाही.

८. रात्री एकटीने ॲसिड, व्हॅक्यूम किंवा लिक्विड नायट्रोजनला हात लावू नकोस – नायट्रोजन बंद खोलीत ऑक्सिजनची जागा घेतो आणि त्याला वास नसतो. याच संस्थेत १९३३ साली आपल्या कमला भागवत, म्हणजे लेखिका दुर्गाबाईंची धाकटी बहीण, पुढे सोहोनी झाल्या त्या, मुंबईची पदवी घेऊन आल्या. बाई म्हणून तेव्हाचे संचालक रामन यांनी आधी नकार दिला. त्या हटल्या नाहीत, तेव्हा अटी घातल्या: पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी धरणार नाही, गाइड सांगतील तेव्हा रात्री-अपरात्रीही काम करावं लागेल, आणि लॅबचं वातावरण बिघडवायचं नाही. श्रीनिवासय्यांच्या हाताखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम करून त्यांनी ते वर्ष काढलं आणि पुढच्या मुलींसाठी दार उघडलं. १९३९ मध्ये केंब्रिजची डॉक्टरेटही मिळवली. रामन मोठा माणूस, अट मात्र छोटी, असं माझं मत आहे. तुझ्यावर तसली अट नाही, तेव्हा हौसेने जागरणं करून मोठेपणा मिरवू नकोस.

९. मशीनचा स्लॉट घेतलास आणि नमुना तयार झाला नाही, तर आदल्या दिवशी सोडून दे – त्या दोन तासांची वाट बघणारं कुणीतरी असतंच, आणि पुढच्या वेळी तेच तुला स्लॉट देतं.

१०. मूळ डेटाच्या फाइलला हात न लावता कॉपीवर काम कर, फाइलच्या नावात तारीख घाल – 'फायनल', 'फायनल टू', 'खरंच फायनल' या तीन बहिणींमधली थोरली कोण, हे पंधरा दिवसांनी कुणालाच सांगता येत नाही.

११. आलेखातला नावडता बिंदू गुपचूप पुसायचा नाही. शंका असेल तर तो ठेवून शेजारी शंका लिही – काढायचा की नाही ते गाइडसोबत बसून ठरतं.

१२. सेमिनारला जा, निम्मा कळला तरी जा. आधी त्या विषयावर 'रेझोनन्स'मध्ये लेख आहे का पाहा – अकादमी ते मासिक १९९६ पासून विद्यार्थ्यांसाठीच काढते, आणि फुकट वाचता येतं.

१३. मे-जूनमध्ये संध्याकाळी पाऊस येतो. छत्रीसोबत लॅपटॉपला प्लॅस्टिकची पिशवी ठेव. आणि मेसमधल्या अण्णांना 'ऊट आयता?' म्हणजे 'जेवलात का?' असं विचारायला शीक – पुढचं कन्नड तेच शिकवतील, वाढतीलही जास्त.

१४. निघायच्या दहा दिवस आधी अहवालाचा कच्चा मसुदा गाइडच्या हातात दे – दुरुस्त्या लाल पेनाने येतात, आणि त्या उद्यान एक्सप्रेसच्या वरच्या बर्थवर बसून होत नाहीत.

१५. शेवटच्या दिवशी कुठला नमुना कुठल्या फ्रीजरच्या कुठल्या खणात आहे, कुठला कोड कुठल्या फोल्डरमध्ये आहे, याची यादी करून तुझ्या सीनियरला समोर बसून समजाव. वही लॅबची, ती तिथेच ठेवायची. तुला हवी तर आधी विचारून फोटो काढून घे. लॅबची किल्लीही आठवणीने परत कर. मामाला कुरिअर करायला लावू नकोस.