सवतीचा टाक



जुना दागिना मोडायला नेला की सराफ दोनच गोष्टी पाहतो, वजन आणि कस. तो कुणाचा होता हे तराजूला कळत नाही. म्हणून मृतांच्या आठवणीसाठी घडवलेल्या दागिन्यांचा आज थोडा विचार करू.

आपल्याकडचा असा दागिना म्हणजे सवतीचा टाक. पहिली बायको वारली आणि नवऱ्याने दुसरे लग्न केले, की नव्या नवरीच्या गळ्यात पहिलीची सोन्याची किंवा चांदीची छोटी प्रतिमा बांधत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातिजमातींवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात ही चाल आढळते. आपला मुलूख तेव्हा त्याच प्रांतातल्या भंडारा जिल्ह्यात होता. जेवायच्या आधी नवी बायको त्या टाकापुढे अन्न ठेवी. मागे भीती होती, पहिली रुसेल आणि घराला बाधेल.

इंग्लंडमध्ये शोकाच्या अंगठ्या असत. सॅम्युएल पेपीस हे रोजनिशीकार १७०३ साली वारले, तेव्हा त्यांच्या नावाने शंभराहून अधिक अंगठ्या वाटल्या गेल्या. अशा अंगठीवर मृताचे नाव, वय आणि मृत्यूची तारीख कोरत. मीना बहुधा काळा, अविवाहितांसाठी पांढरा. कधी काचेखाली मृताचे केस बसवत. १८६१ साली पती अल्बर्ट वारल्यावर राणी व्हिक्टोरियाने १९०१ मध्ये मरेपर्यंत काळे कपडे सोडले नाहीत.

आता फरक पाहा. अंगठीवर नाव आहे, म्हणून तीनशे वर्षांनंतरही ती कुणाची हे वाचता येते. टाकावर बहुधा नुसती स्त्रीची आकृती. ती बाळंतपणात गेली की तापाने, तिच्या मागे किती लेकरे राहिली, हे घरच्यांच्या तोंडीच राहिले. सांगणारे गेले आणि टाकाची नुसती चांदी उरली. वस्तू स्वतः काही आठवत नाही. आठवणारा माणूस लागतो.

तरी टाकाला नुसते भीतीचे लक्षण म्हणू नये. जिला कधी पाहिले नाही, तिची लेकरे सांभाळायची आणि तिच्यापुढे रोज घास ठेवायचा, यात मानही होता. मात्र भीती मृतांना दूर ठेवू पाहते, आणि प्रेम त्यांना नावाने हाक मारते. २ नोव्हेंबरला आपण कबरींवर मेणबत्त्या लावतो आणि मिस्सामध्ये मृतांची नावे देतो, ती याच प्रेमापोटी.

दागिना मोडणे हे पाप नाही. मुलीच्या शिक्षणासाठी, दवाखान्यासाठी तो मोडावाच लागतो. पण मोडण्याआधी एक करावे.

घरी करण्यासाठी : घरातल्या सर्वांत वयस्कर व्यक्तीजवळ बसा. डब्यातला एकेक दागिना पुढे ठेवा आणि तो कुणाचा, ती व्यक्ती कशी होती, कधी गेली, हे विचारा. उत्तर मुलांच्या हातून कागदावर लिहून घ्या. दागिना गेला तरी तो कागद जपून ठेवा.