प्रोस्टेटची शस्त्रक्रिया : लेसर की पारंपरिक?

उतारवयात पुरुषांची प्रोस्टेट, म्हणजेच पुरःस्थ ग्रंथी, वाढून लघवीची धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे, मूत्राशय पूर्ण रिकामे न झाल्यासारखे वाटणे हे त्रास सर्रास आढळतात. ही वाढ कर्करोगाची नव्हे. अनेकांना औषधांनी आराम पडतो. परंतु लघवी वारंवार अडकू लागली, मूत्राशयात खडे झाले किंवा मूत्रपिंडांवर ताण येऊ लागला, की शस्त्रक्रियेची वेळ येते. अशा वेळी नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो, "लेसरने होईल ना?" पारंपरिक पद्धत कनिष्ठ असते, हा समज त्यामागे असतो आणि त्यापायी कर्ज काढण्याचीही तयारी असते. म्हणून ही तुलना येथे मांडीत आहोत.

पारंपरिक शस्त्रक्रिया 'टी.यू.आर.पी.' या नावाने ओळखली जाते. तीतही पोटावर छेद नसतो. मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, विजेवर चालणाऱ्या तारेच्या कडीने अडथळा करणारा भाग खरवडून काढतात. जुन्या मोनोपोलर यंत्रासोबत सलाईन वापरता येत नाही. त्याऐवजी वापरलेला द्रव शरीरात अधिक शोषला गेल्यास रक्तातील सोडियम घटण्याचा धोका असतो. बायपोलर यंत्रात सलाईन चालते, त्यामुळे हा धोका बहुतांशी टळतो.

लेसर ही एकच पद्धत नव्हे. हिरव्या प्रकाशाच्या लेसरने ग्रंथीच्या पेशींची वाफ केली जाते. त्यामुळे प्रयोगशाळेत तपासणीसाठी तुकडा उरत नाही. होल्मियम लेसरने, संत्र्याचा गर सालीपासून सोडवावा त्याप्रमाणे, आतील वाढलेला भाग कवचापासून सोडवून, बारीक करून बाहेर काढतात. यात रक्तस्राव कमी होतो व नळी सहसा लवकर निघते. ८० ग्रॅमहून मोठ्या ग्रंथीसाठी पूर्वी पोट उघडावे लागे. तेथे ही पद्धत मोठा आधार ठरली आहे. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असलेल्या रुग्णांसाठीही लेसरचा विचार प्रामुख्याने होतो.

मध्यम आकाराच्या ग्रंथीचे काय? ब्रिटनमधील सात रुग्णालयांत ४१० पुरुषांवर थुलियम लेसर व टी.यू.आर.पी. यांची तुलना झाली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. एक वर्षानंतर लक्षणांतील आराम दोन्ही गटांत सारखाच होता. लघवीचा वेग टी.यू.आर.पी.नंतर किंचित सरस आढळला. रुग्णालयातील मुक्काम व गुंतागुंत यांतही विशेष फरक नव्हता.

काही गोष्टी दोन्हींत समान आहेत. शस्त्रक्रियेनंतर वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जाणे दोन्हीकडे संभवते. ग्रंथीचा बाहेरील भाग मागे राहत असल्याने कर्करोगासाठीच्या तपासण्याही पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने चालू ठेवाव्या लागतात.

आता हिशेबाची बाजू. लेसर यंत्राची किंमत, घसारा, फायबर व देखभाल यांचा भार शेवटी प्रत्येक शस्त्रक्रियेवर विभागला जातो. शस्त्रक्रिया थोड्या झाल्या तर दर चढतो. शिवाय होल्मियम पद्धतीत हात बसण्यास दीर्घ सराव लागतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार महाराष्ट्रातील धर्मादाय रुग्णालये १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवतात व देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात. हा निधी मर्यादित असतो. जेथे दोन्ही पद्धतींचे फळ सारखे, तेथे कमी खर्चाची पद्धत निवडल्याने आणखी एका गरजूची सोय होऊ शकते. आणि जेथे लेसरच हितकारक, तेथे केवळ पैशाअभावी रुग्णास तो नाकारला जाऊ नये, अशी आमची भूमिका आहे.

रुग्णांना व नातेवाइकांना आमची विनंती एवढीच, की शस्त्रक्रियेपूर्वी चार प्रश्न अवश्य विचारावेत : ग्रंथीचा आकार किती आहे? चालू औषधांमुळे रक्तस्रावाचा धोका आहे काय? शल्यविशारदांचा या पद्धतीतील अनुभव किती? एकूण खर्च किती येईल? या उत्तरांवरून झालेली निवड यंत्राच्या नावावरून केलेल्या निवडीपेक्षा निश्चितच अधिक हिताची ठरेल.