कॉर्नेलिया सोराबजी : स्त्रियांच्या हक्कांसाठी झटलेल्या वकील
(इयत्ता सातवी व आठवी : नागरिकशास्त्र व भाषा यांसाठी पाठ)

पाठाचा हेतू

नागरिकशास्त्र शिकविताना हक्क व कर्तव्ये हा भाग बहुधा व्याख्या पाठ करवून संपविला जातो. हक्क म्हणजे काय, हे मुले सांगतात; परंतु तो कोणी मिळविला, मिळविताना काय सोसावे लागले आणि मिळालेला हक्क हातचा कसा निसटतो, हे त्यांस ठाऊक नसते. पेठ वडगाव येथे न्यायालय आहे. तेथे काळा कोट घालून येणाऱ्या स्त्री वकील आसपासच्या गावांतील पुष्कळ मुलांनी पाहिल्या असतील. त्यांत नवल वाटण्याजोगे काही आहे, असे आज कोणास वाटत नाही. मात्र १९२१ पर्यंत आपल्या देशात एकाही स्त्रीस ही परवानगी नव्हती. ती मिळविण्यासाठी ज्यांनी जवळजवळ तीस वर्षे वाट पाहिली, त्या कॉर्नेलिया सोराबजी यांचे चरित्र या पाठात दिले आहे.

बालपण व शिक्षण

कॉर्नेलियाबाईंचा जन्म १५ नोव्हेंबर १८६६ रोजी नाशिक येथे झाला. वडील सोराबजी खरसेटजी हे मूळचे पारशी. त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. कुटुंबाचे वास्तव्य काही काळ बेळगाव येथे व पुढे पुणे येथे होते. आई फ्रान्सिना यांनी पुण्यात शाळा काढली व तीत निरनिराळ्या जातिधर्मांची मुले एकत्र शिकविली. या बाईंकडे अडल्यानडल्या स्त्रिया आपले गाऱ्हाणे घेऊन येत. अशाच एका विधवेची हकीकत लहानग्या कॉर्नेलियेच्या मनावर कायमची कोरली गेली. त्या विधवेची मालमत्ता मोठी होती. परंतु तिच्या विश्वासातील कारभाऱ्यानेच ती कागदपत्रांच्या जोरावर हिरावून घेतली होती. अशा स्त्रियांस साहाय्य करावयाचे तर कायदा शिकला पाहिजे, ही शिकवण मुलीस आईकडून मिळाली.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या पहिल्या विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या. पदवी परीक्षेत त्यांनी अग्रस्थान मिळविले. अशा विद्यार्थ्यास विलायतेत शिकण्यासाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळत असे. परंतु ही विद्यार्थी स्त्री आहे, या कारणास्तव ती त्यांस नाकारण्यात आली. त्या स्वस्थ बसल्या नाहीत. अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात त्यांनी काही काळ अध्यापन केले. पुढे विलायतेतील काही सहृदय स्त्रीपुरुषांनी वर्गणी जमविली व १८८९ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या. रुग्णसेविका फ्लॉरेन्स नाइटिंगेल या वर्गणी देणाऱ्यांपैकी एक होत्या.

त्याच दशकात मुंबईत रखमाबाईंचा खटला गाजत होता. बालपणी झालेल्या विवाहाच्या आधारे पतीने नांदावयास येण्याचा दावा केला. रखमाबाईंनी नकार दिला. १८८७ साली न्यायालयाने, नांदावयास जावे अथवा सहा महिने तुरुंगवास भोगावा, असा निर्णय दिला. अखेर १८८८ साली तडजोड झाली. पुढे त्या डॉक्टर झाल्या. या खटल्यात न्यायाधीश पुरुष, दोन्ही पक्षांचे वकील पुरुष, आणि निर्णय मात्र एका स्त्रीच्या आयुष्याचा होता. कॉर्नेलियाबाईंस जी उणीव भरून काढावयाची होती ती हीच.

पदवी तीस वर्षांनी

१८९२ साली ऑक्सफर्डची कायद्याची उच्च परीक्षा देण्यास त्यांस खास ठराव करून परवानगी देण्यात आली. ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्या उत्तीर्ण झाल्या, परंतु स्त्रियांस पदवी देण्याचा विद्यापीठाचा नियमच नव्हता. हा नियम १९२० साली बदलला आणि कॉर्नेलियाबाईंच्या हाती पदवी पडली ती १९२२ साली.

स्वदेशी परतल्यावरही हाच अनुभव आला. १८९७ साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची एल्‌एल्‌.बी. परीक्षा दिली, १८९९ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाची वकिलीची परीक्षा दिली. दोन्हींत यश आले, परंतु सनद मिळाली नाही. प्रत्येक वेळी परीक्षा घेणाऱ्यांनी त्यांस उत्तीर्ण ठरविले आणि दार उघडणाऱ्यांनी ते बंद ठेविले. विद्येत उणे असे काहीच नव्हते, हे शिक्षकांनी वर्गात आवर्जून सांगावे.

पडद्याआडील अशिलांची वकील

न्यायालयाचे दार बंद राहिले तेव्हा त्यांनी दुसरी वाट शोधली. त्या काळी उत्तरेकडील व बंगालमधील अनेक संस्थानिक व जमीनदार घराण्यांतील स्त्रिया पडद्यात राहत. परपुरुषासमोर येणे त्यांस निषिद्ध. आणि वकील तर सारे पुरुष. पती वारल्यावर अशा स्त्रीच्या नावे गावेच्या गावे असत, परंतु हिशेब कारभारी ठेवी, अर्ज नातलग लिही, आणि कागद पडद्याआडून आत जाई तो केवळ सही वा अंगठा उठविण्यापुरता. आपल्या नावे काय लिहिले गेले, हे तिला कळण्याचा मार्गच नव्हता.

या स्त्रियांसाठी सरकारने एक स्त्री कायदेपंडित नेमावी, अशी मागणी कॉर्नेलियाबाईंनी १९०२ पासून चालविली. १९०४ साली बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्‌स’ या खात्यात त्यांची नेमणूक झाली. अज्ञान वारसांच्या व स्त्रियांच्या जमीनदारीची व्यवस्था पाहणारे हे सरकारी खाते होते. बंगाल, बिहार, ओरिसा व आसाम या विस्तीर्ण मुलुखात त्यांनी सुमारे वीस वर्षे काम केले. ज्या अंतःपुरात पुरुष वकिलास प्रवेश नव्हता तेथे त्या जाऊन बसत, विधवेचे म्हणणे ऐकत, कागद वाचून त्याचा अर्थ तिला सांगत, पोटगीची व मुलांच्या शिक्षणाची तजवीज लावीत. त्यांनी सहाशेहून अधिक स्त्रियांस व अनाथ मुलांस साहाय्य केले, असे मानले जाते.

१९२१ साली अलाहाबाद उच्च न्यायालयाने त्यांची वकील म्हणून नोंद केली. १९२३ च्या कायद्याने स्त्रियांस वकिली करण्याची आडकाठी देशभर दूर झाली. १९२४ पासून त्या कलकत्त्यास वकिली करू लागल्या. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न होते. दार उघडले तरी पूर्वग्रह शिल्लकच होते. उभे राहून खटला चालविण्याऐवजी लेखी सल्ला देण्याचे कामच त्यांच्या वाट्यास अधिक आले. १९२९ साली त्या निवृत्त झाल्या व ६ जुलै १९५४ रोजी लंडन येथे त्यांचे निधन झाले.

चरित्रनायिकेच्या मर्यादा

थोर व्यक्तीचे चरित्र सांगताना उणी बाजू झाकून ठेवू नये. कॉर्नेलियाबाई ब्रिटिश राज्याच्या पुरस्कर्त्या होत्या; महात्मा गांधींच्या चळवळीस त्यांचा विरोध होता. या मतांमुळे स्वदेशातील अनेक कार्यकर्त्या स्त्रिया त्यांच्यापासून दूर राहिल्या. एका क्षेत्रात दूरदृष्टी दाखविणारी व्यक्ती दुसऱ्या क्षेत्रात चुकू शकते. वरच्या वर्गातील मुले हे समजू शकतात. त्यांस ते सांगावे.

आपल्या परिसरात

कायद्याने स्त्रीचे रक्षण करण्याचा विचार करवीरास नवा नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले आणि १९१९ साली घरातील स्त्रीस क्रूरपणे वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा केला. आपल्याच हातकणंगले तालुक्यातील माणगाव येथे मार्च १९२० मध्ये जी परिषद भरली तिचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पुढे कायदेमंत्री या नात्याने त्यांनी हिंदू स्त्रियांस वारसाहक्क देणारे विधेयक मांडले आणि ते रखडले तेव्हा १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तेच एक कारण त्यांनी प्रामुख्याने सांगितले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने कन्येस पित्याच्या मालमत्तेत वाटा मिळाला. वडिलोपार्जित मालमत्तेत पुत्राप्रमाणे जन्मतःच हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या व सर्व देशात २००५ च्या दुरुस्तीने आला.

हक्क असा पायरीपायरीने मिळाला. परंतु तो जातो कसा? वडगावच्या बाजारात बैल घेताना दात पाहिल्यावाचून कोणी पैसे मोजीत नाही. मात्र वडील वारल्यावर माहेरी आलेली लेक हक्कसोडपत्रावर पुष्कळदा न वाचताच सही करते. ‘नुसती सही कर, बाकी आम्ही बघतो,’ एवढे सांगणे तिला पुरते. भावास जमीन सोडावी अथवा न सोडावी, हा सर्वस्वी तिचा प्रश्न आहे. भावाच्या प्रेमाखातर कोणी सोडीलही. परंतु काय सोडले हे न कळता सोडणे म्हणजे दान नव्हे. पडद्यातील त्या राण्यांस वाचता येत नव्हते व विचारावयास कोणी नव्हते. आपल्या शाळेतून बाहेर पडणाऱ्या मुलीस वाचता येते. मग तिने वाचावे, ही सवय लावणे शिक्षकाच्या हाती आहे.

वर्गात पाठ कसा घ्यावा

पहिल्या तासिकेस चरित्र सांगावे. फळ्यावर १८९२, १८९७, १८९९, १९२१, १९२२ व १९२३ ही साले लिहून, परीक्षा कोणत्या साली उत्तीर्ण झाली व हक्क कोणत्या साली मिळाला, हे मुलांकडूनच जुळवून घ्यावे.

दुसऱ्या तासिकेस पुढील प्रयोग करावा. प्रत्येक मुलास कोरा कागद देऊन त्याच्या तळाशी सही करावयास सांगावे. कागद गोळा करावेत. मग दोनतीन कागदांवर सहीच्या वर ‘माझे दप्तर व त्यातील सर्व वस्तू मी राजीखुशीने शेजारच्या विद्यार्थ्यास दिल्या आहेत’ असे लिहून ते मोठ्याने वाचावेत. वर्गात आधी हशा पिकेल, नंतर तक्रारी सुरू होतील. त्या तक्रारींतूनच पाठाचे मर्म मुलांच्या तोंडून बाहेर येईल. प्रयोग संपताच सर्व कागद मुलांदेखत फाडून टाकावेत.

त्यानंतर सातबारा उताऱ्याची नमुना प्रत वाचून दाखवावी. कोणत्याही विद्यार्थ्याच्या घरचा खरा उतारा वा घरातील वाद वर्गात आणू नये. मुलांनी घरी जाऊन भांडण काढावे हा पाठाचा हेतू नाही, हेही स्पष्ट करावे. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानुसार स्त्रियांस, त्यांचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळू शकतो, व त्यासाठी तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करता येतो, ही माहिती वहीत लिहून घ्यावी.

स्वाध्याय

१. कॉर्नेलियाबाईंस परीक्षा उत्तीर्ण होऊनही पदवी व सनद का मिळाली नाही?
२. पडद्यातील स्त्रियांस स्त्री वकिलाची गरज का होती?
३. रखमाबाईंच्या खटल्यात एखादी स्त्री वकील असती तर तिने काय सांगितले असते? दहा ओळी लिहा.
४. घरातील वडील स्त्रीस विचारून, तिने आजवर कोणकोणत्या कागदांवर सही वा अंगठा केला व त्यांपैकी कोणते वाचले होते, याची यादी करा. यादी स्वतःजवळच ठेवा. वर्गात दाखविण्याचे कारण नाही.

चौथा स्वाध्याय तपासावयाचा नाही. तो करताना घरातील मुलीने आईस अथवा आजीस एखादा कागद वाचून दाखविला, तर पाठ पूर्ण झाला असे समजावे.