हृदयाची दुखापत रक्तातून कशी कळते?

आपल्या नल्लकुंट्यापासून रेड हिल्सचे एम. एन. जे. कर्करोग रुग्णालय फार दूर नाही. कर्करोगावर देतात ते लाल रंगाचे डॉक्सोरुबिसिन मोठे गुणकारी आहे, पण ते हृदयालाही इजा करू शकते.

हृदयाच्या स्नायूंत ट्रोपोनिन नावाचे प्रथिन असते. पेशी दुखावली की ते रक्तात उतरते. इको तपासणीत हृदयाचा जोर कमी झालेला दिसतो, तोवर बरेच नुकसान झालेले असू शकते. ट्रोपोनिन त्याआधीच वाढू शकते. हृदयावर ताण पडला की एनटी-प्रोबीएनपी वाढते. म्हणून युरोपातील हृदयतज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शिकेत, ज्यांना धोका अधिक त्यांची ही तपासणी पहिल्या मात्रेपूर्वीच करावी असे सांगितले आहे. आधीचा आकडाच नसेल तर वाढ मोजायची कशावरून?

मूत्रपिंडाच्या आजारातही ट्रोपोनिन वाढते. तेव्हा पालकांनी एक अहवाल पाहून घाबरून उपचार थांबवू नयेत. ते डॉक्टरांनी ठरवायचे. दम लागणे, पायांवर सूज मात्र लगेच सांगावी.

या औषधाच्या एकूण मात्रेचा हिशेब आयुष्यभराचा धरतात. लहानपणी बरे झालेल्या मुलाची फाईल म्हणूनच रद्दीत घालू नये.